मलकापुरे

"मलकापुरे? आमच्यात मलकापुरे कुणी न्हाय, पावणं," म्हाताऱ्या रशीद मुजावराने सांगितलं आणि कबरस्तानाच्या बांधावर बसल्या बसल्या दिलदारला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मुजावर खोटं बोलत नव्हता. मलकापुरात राहणाऱ्याला मलकापुरे कोण म्हणेल? गावाचं आडनाव गाव सोडणाऱ्यालाच चिकटतं. पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दिलदार मलकापुरे या पिंजाऱ्याला हे चाळिशी आली तरी सुचलं नव्हतं. कुणाकडे गाद्या भरायला बसला की कापूस पिंजता पिंजता त्याची बढाई सुरू होई. आमच्या मलकापूरचा भात, आमच्या मलकापूरचे फणस. गावाचं तोंड मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. बाप तो रांगत असतानाच वारला होता, आणि आई लालबी मलकापूरचा विषय निघाला की ताकास तूर लागू देत नसे.

शाहू महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. लालबीने अंथरूण धरलं, अन्न सोडलं आणि एका सकाळी ती लेकाला म्हणाली, "मलकापूरची मूठभर माती आन. कबरस्तानातल्या उंबराखालचीच आन. माज्यासंगं पुरा." दिलदार मिळेल त्या बैलगाडीने निघाला. आपण परत जाईपर्यंत ती असेल की नाही, हा घोर सगळी वाट त्याच्या जिवाला लागला होता.

"माजा आजा-पणजा उंबराखाली असतील की," तो मुजावराला म्हणाला.

मुजावर काठी टेकत उठला आणि त्याला उंबराशी घेऊन गेला. तिथे एकच कबर होती, जेमतेम दोन हात लांबीची. उशाला नदीतला एक गोटा.

"ह्यात तुजा आजा मावंल व्हय?" मुजावर म्हणाला. "पटकीच्या साथीच्या सालातली हाय. कोकणातनं घाट चढून मानसं येत हुती. त्यात एक बाई, तिचा दादला आन ही पोर. पोर हितं गेली. बाई पोटुशी हुती. एक रात ऱ्हायली आन सकाळी निघाली. मला म्हनली, भाई, ह्या गावाचं नाव काय? मी सांगितलं. वढ्यापातूर गेली आन माघारी आली. म्हनली, पुन्यांदा सांगा, इसरंन मी."

दिलदार त्या गोट्याशी जाऊन बसला. त्या बाईच्या पोटात होता तो आपणच. कोल्हापूरच्या नाक्यावर कारकुनाने गाव विचारलं तेव्हा बाप गप्प राहिला, मग तिनेच मलकापूर सांगितलं, एवढं आई एकदा बोलून गेली होती. म्हणजे ज्या गावाच्या जोरावर त्याने जन्मभर मिशीला पीळ दिला, तिथे त्याच्या आईने एक रात्र काढली होती आणि लेक ठेवली होती. त्याला आपल्या फणसांची लाज वाटली, आणि न पाहिलेल्या बहिणीसाठी रडू कोसळलं. मुजावराने त्याला रडू दिलं.

"नाव काय हुतं तिचं?" दिलदारने डोळे पुसत विचारलं.

"ते न्हाय बाबा मी इचारलं."

दिलदार घरी पोचला तेव्हा लालबीची धुगधुगी होती. फडक्यात बांधलेली माती त्याने तिच्या हातात दिली. आपलं खरं गाव कोणतं, बहिणीचं नाव काय, सगळं त्याच्या ओठांवर होतं.

लालबीने मातीचा वास घेतला. "दगड हाय का अजून?"

"हाय, अम्मा."

थोड्या वेळाने तिची नजर भांबावली. "गावाचं नाव काय रं?"

"मलकापूर."

"पुन्यांदा सांग. इसरते मी."

"मलकापूर, अम्मा."

तिने पुरचुंडी छातीशी घेतली आणि हलक्या हाताने थोपटू लागली. दिलदारने पुढे काही विचारलं नाही.

शुक्रवारी ती गेली. माती तिच्यासोबत पुरली. पुढेही गाद्या भरून घेणारे विचारीत, "पिंजारी, गाव कंचं?" दिलदार मलकापूर म्हणे. कुणी जुन्या ओळखीने फणसांचा विषय काढलाच, तर तो खाली मान घालून कापूस पिंजायची धनुकली जोराने वाजवू लागे.