आधीच पडलेली खूण

अमरावतीच्या न्यायालयासमोरील दुकानांच्या रांगेत संघपालचे ऑनलाइन सेवा केंद्र होते. पूर्वी तेथे टंकलेखन यंत्रे खडखडत असत. आता पक्षकाराने नाव, गाव, विवाहाची तारीख एवढे भरून बटण दाबले की वकिली भाषेतील संपूर्ण अर्ज पडद्यावर सिद्ध होई. हे अर्ज संघपालने स्वतः घडविले होते. रामराव वकिलांनी मसुदे दिले, भरावयाच्या जागा त्याने बसविल्या, आणि जेथे मसुदा रुक्ष वाटला तेथे पदरची भाषा घातली. बारावीच्या परीक्षेत गटांगळ्या खाल्लेल्या आपल्यासारख्याची वाक्ये न्यायाधीशांपुढे वाचली जातात, या विचाराने त्याची छाती फुगून येई.

पतीने द्यावयाच्या लेखी उत्तराचा अर्ज सर्वाधिक चालला. त्यात पत्नीवरील आक्षेपांचे चौकोन होते. ज्या चौकोनात खूण करावी, त्याचा परिच्छेद उत्तरात आपोआप उतरे. चारित्र्याचा चौकोन तर बहुतेक नवरे निवडीतच. तेव्हा गिऱ्हाइकाचे श्रम वाचावेत म्हणून संघपालने तेथील खूण आधीच घालून ठेवली. ज्याला नको असेल त्याने काढावी. कोणी काढीत नसे.

त्या परिच्छेदाचे अखेरचे वाक्य त्याने बहीण माया हिला वाचून दाखविले होते. ती अकोल्याहून माहेरपणास आली होती आणि तान्ही पिंकी तिच्या मांडीवर निजली होती.

"'पत्नीच्या सहवासात अपत्याच्या मनावर विपरीत संस्कार होण्याची दाट शक्यता आहे.' कसं वाटते?"

माया हसली. "नुसतं मनावर काय लिवतं, दादा? कोवळ्या मनावर लिव. साहेबाच्या डोयात पानी आलं पायजे."

त्याने 'कोवळ्या' हा शब्द घातला. वाक्य उजळून निघाले.

पुढे रामरावांच्या ओळखीने तो अर्ज मोबाइलवरून अकोल्याच्या वकिलांपर्यंतही पोहोचला. त्याच सुमारास माया सासर सोडून भावाकडे आली. सासूशी पटेना, आणि नवरा धम्मदीप आईच्या शब्दाबाहेर जाईना. मात्र त्याने पिंकीला ठेवून घेतले. मायाने अकोल्याच्या न्यायालयात मुलीचा ताबा मागितला.

"मले पोटगी नको, दागिने नको," ती भावाला म्हणाली. "मले फक्त पोरगी पायजे."

धम्मदीपच्या लेखी उत्तराची प्रत आली, ती मायाने भावाच्या दुकानातच उघडली. वाचता वाचता तिचे बोट एका ओळीवर थांबले.

"दादा, हे तुयं वाक्य होय ना?"

संघपालने वाकून ती ओळ वाचली.

"अन् हा 'कोवळ्या' मीनं सांगतला होता," ती म्हणाली, आणि कागद घडी करून तिने पदराखाली घेतला.

त्याने बाहेर जाऊन धम्मदीपला फोन लावला. "जवाई, असं काहून लिवलं? माया तशी हाये काय?"

"नाई हो दादा! मी कायले असं म्हनू? मीनं फक्त नावगाव भरलं. थे आधीच लागेल होतं."

"मंग न्यायालयात तसं सांगा ना."

"वकील म्हनते, शपथेवर सही झाली, आता फिरलो तं मीच फसन." मग तो म्हणाला, "अन् यानं पोरगी आपल्याकडेच राहीन म्हनते. तुमचा फारम लय कामाचा हाये, दादा."

मायाच्या वकील नीलमताईंनी मार्ग दाखविला. अर्ज घडविणाऱ्यानेच शपथेवर सांगावे की खूण आधीची आहे, पतीने केलेली नाही. मग त्या आक्षेपात जीव उरणार नाही. संघपालने होकार दिला. परंतु ही वार्ता रामरावांच्या कानी गेली.

"बहिनीसाठी जीव तुटते, मले समजते," ते दुकानात येऊन म्हणाले. "पन तूनं हे कबूल केलं, तं आपून देल्लेल्या सगळ्याच उत्तरावर बोट येईन. मंग तुया दुकानात कोन्ता वकील पाय ठेवीन, सांग बरं?"

तारखेच्या दिवशी माया पुढे गेली. संघपाल मागून अकोल्याच्या बसमध्ये बसला. मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा चहा घेण्यास म्हणून तो उतरला. गाडी सुटली, तरी त्याने पेला खाली ठेवला नाही. मग अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीत बसून त्याने बहिणीस फोन केला, "गाडी बिघडली, माया."

न्यायालयाने तूर्त मुलगी वडिलांकडेच ठेवली.

माया परतली. रडली नाही, ओरडली नाही. हातपाय धुऊन तिने भावास ताट वाढले.

"मी स्टँडावर उभी होती, दादा. तुयी गाडी टायमावर आली. कंडक्टर म्हने, थे चष्मेवाले भाऊ तं मूर्तिजापूरलेच उतरले." तिने भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली. "चाहा बरा होता काय?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच संघपालने पहिले काम केले ते ती खूण काढून टाकण्याचे. मायाही आली होती. आता घरी करायचे काय, म्हणून ती शेजारच्या संगणकापुढे बसली. थोड्या वेळाने धामणगावचा एक पक्षकार आपले उत्तर हाती घेऊन कुरकुरू लागला.

"भाऊ, आमच्या शेजाऱ्याच्या उत्तरात बायकोवरचं एक वाक्य लय जबरदस्त होतं. त्यानं तं केस जिकली. माह्यात काहून नाई आलं?"

"ते आता बंद केलं," संघपाल खाली मान घालून म्हणाला.

"मंग मी दुसऱ्या दुकानात जातो."

"थांबा," माया म्हणाली. तिने त्याचा अर्ज आपल्या पडद्यावर उघडला.

"माया, राहू दे," संघपाल हात पुढे करीत म्हणाला.

"काहून राहू दे? यासाठीच तं तू अर्ध्या वाटेतून फिरला." तिने चौकोनात खूण केली. परिच्छेद शेवटच्या ओळीपर्यंत झरझर उतरला. मग पक्षकाराकडे वळून तिने शांतपणे विचारले,

"लेकरू काय हाये, दादा? पोरगा का पोरगी?"