सागाच्या ओंडक्यावरचा दगड

आमच्या नवापूरला एक रीत हाय. वादळानंतर किनाऱ्याला लागलेल्या लाकडावर जो पहिला दगड ठेवील, लाकूड त्याचं. मग तो घरी जाऊन खुशाल झोपू दे, कोण हात लावणार नाय. चोर लावत नाय. अहो, मी पण लावत नाय, म्हणजे बघा!

चौऱ्याऐंशी साली दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं आणि माझ्या होडीची डोलकाठी मोडली. दुसरं लाकूड मिळालं नाय तर अख्खा हंगाम चिंधूच्या होडीवर खलाशी म्हणून जायचं. आणि चिंधूच्या मी जन्मभर इतक्या खोड्या काढलेल्या, की तो मला फक्त पाणी उपसायला बसवणार, हे नक्की.

सकाळी वारा पडला. मी विहिरीवर तोंड धूत होतो. मंगळ्या आला. वरच्या पाड्यावरचा, कड्यावर बकऱ्या चारतो. म्हणाला, "कड्याच्या पल्याड पुळणीवर सागाचा ओंडका लागलाय. मी वरूनच बघितला."

ऐकणारे दोघंच. मी आणि जमनाकाकी. काकी साठीची, एकटी. वादळात तिच्या घराचं आढं मोडून छप्पर बसलेलं. आमी एकमेकांकडं बघितलं आणि "चला, कामं पडलीत" असं दोघंही एकदम बोललो.

पुळणीला वाटा दोन. कड्यावरची बकऱ्यांची, अर्ध्या तासाची. नायतर खाजणातून वळसा घालून, दीड तासाची. काकी कड्याकडं वळली तसा मी सुतकी चेहरा करून आडवा गेलो.

"काकी, तिकडनं नको. वाट ढासळलीय."

"खरं सांगतोस, पंढरी?"

"दर्याची आण."

म्हातारी खाजणाकडं वळली. तिथं गुडघाभर चिखल. मला वाईट वाटलं. विडी पेटेपर्यंत वाटलं.

मग मी शीळ घालत कडा चढलो. ताडाच्या झावळ्या आडव्या पडलेल्या, निवडुंगात कुणाच्या तरी जाळ्याचं लक्तर, खाली समुद्र चहासारखा गढूळ. पल्याडचा उतार निम्मा उतरलो आणि बघतो तर वाट ढासळलेली. खरोखर! चार हात वाट गायब.

शहाणा माणूस मागं फिरला असता. पण ही थाप तर मीच मारलेली. आपल्याच थापेला आपण घाबरायचं? मारली उडी. पोचलो, पण पुढं बघितलं तर पुढंही वाट नाय. मागं बघितलं तर माझ्या धक्क्यानं आणखी दोन हात खाली गेलेली. आता मी खाटेएवढ्या तुकड्यावर, आणि तीन पुरुष खोल, खाली पुळणीवर ओंडका. सरळ, गुळगुळीत, अठरा हातांचा तरी. बघून जीव तुटला.

मग डोकं चाललं. दगड ठेवायचा ना? टाकू वरून! पहिला समुद्रात गेला. दुसरा वाळूत. सातवा नेमका ओंडक्यावर बसला आणि घरंगळला. दगड संपले तेव्हा मी चप्पल फेकली. ती लाटेनं नेली.

अशात तास गेला आणि काकी आली. कंबरेपर्यंत चिखल. तिनं वर बघितलं, एक दगड उचलला, ओंडक्यावर ठेवला आणि शेजारी बसली.

"काकी, माझा सातवा आधी लागला!"

"दगड ठेवायचा असतो, मेल्या. मारायचा कुत्र्याला."

"काकी, मी खोटं बोललो गो. माफ कर."

"खोटं कुठं? वाट तर मोडलेलीच हाय."

"पण मला ठाऊक नव्हतं ना!"

यावर ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली. वर बकऱ्या घेऊन मंगळ्या आला, त्याला तिनं सगळं ओरडून सांगितलं. तोही बसून हसला. बकऱ्याच काय त्या गंभीर होत्या. शेवटी त्यानं झाडाला दोर बांधून खाली सोडायला घेतला.

"थांब," काकी म्हणाली, "आधी बोलणी. माझं आढं कोण चढवणार?"

"मी चढवतो."

"छप्पर?"

"शाकारतो."

"तुझ्या डोलकाठीला किती लाकूड लागतं?"

"चौदा हात."

"माझ्या आढ्याला दहा. उरलेलं तू घे. सोड रे मंगळ्या त्याला."

उरलं आठ हात. तेही काकीच्या हातानं मोजलेलं, आणि तिचा हात जरा आखूडच. चार दिवस तिच्या छपरावर होतो. खालून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देऊन माझी गोष्ट सांगत होती, रोज एक चप्पल वाढवून.

मग होडीवर ती बुटकी काठी उभी केली. शीड निम्मं दुमडून बांधावं लागलं. बायको, शकू, किनाऱ्यावरून बघत म्हणाली, "उंच माणसाला पोराची चड्डी घातल्यासारखं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या सुटल्या. चिंधूची पुढं गेली. तो मागं वळून ओरडला, "पंढरी, शीड हाय की लंगोट वाळत घातलास?"

त्याच्या होडीत कोणतरी वाकून पाणी उपसत होतं. मी माझ्या होडीतून हात हलवला आणि सगळ्यांच्या मागून, डुलत डुलत निघालो.