इंझोरीचा दाखला

एकोणीसशे अडतीसच्या वैशाखात कारंज्याच्या एका हायस्कुलातली बारा पोरं पुढारी व्हायला इंझोरीला आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी पुढारपण शिकावं, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. पंधरा दिवसांचं शिबिर, शेवटी नागपूरच्या साहेबांची परीक्षा आणि पास होणाऱ्याला छापील दाखला. सोबत गोविंदसिंग मास्तर होते. पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की बाराचे बारा पुढारी आहेत आणि मागं चालायला कुणीच नाही. मग त्यांनी दवंडी पिटवून गावाकडे बारा माणसं मागितली.

वैशाखातल्या दुपारी शेतात कुणी जात नाही, त्यामुळे माणसं मिळाली. मास्तर त्यांना अनुयायी म्हणत. गाव त्यांना हुकुमाचे गडी म्हणू लागलं.

रामकिसन त्यातला एक. तो कसा तयार झाला हे त्याच्या बायकोला, रंगूबाईलाही कळलं नाही, कारण पन्नास वर्षांत या माणसानं कुणाचं ऐकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ताठ्यात त्याच्या तोडीचा गावात एकच होता, तो म्हणजे समोरच्या घरात राहणारा त्याचा धाकटा भाऊ शालिग्राम. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी काढायचा मान थोरल्याचा. अकरा वर्षांपूर्वी रामकिसन बैलांच्या शिंगांना बेगड चिकटवत बसला आणि शालिग्रामनं आपली जोडी पुढं हाकली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. बापाची विहीर वाटणीत शालिग्रामकडे गेली होती. ती रामकिसनच्या दारापासून वीस पावलांवर. रंगूबाई मात्र अकरा वर्षं नाल्यापलीकडून पाणी आणत होती, आणि रोज घागर उतरवताना नवऱ्याला जे म्हणायची ते इथं लिहिण्याजोगं नाही.

रामकिसनच्या वाट्याला जो पुढारी आला तो नववीतला जमशेद, कारंज्याच्या हबीब पिंजाऱ्याचा मुलगा. हबीब दर हिवाळ्यात इंझोरीला येऊन दोन्ही भावांच्या गाद्या भरून द्यायचा. पण दिवस वेगळे आणि ओसरी वेगळी. एकाच्या ओसरीवरचा कापूस उडून दुसऱ्याच्या अंगणात गेला, तर तो वेचून परत आणावा लागे. वेचायचं काम जमशेदकडे असायचं.

प्रत्येक पुढाऱ्यानं आपल्या गड्याकडून खताचा एक खड्डा खणवून घ्यायचा होता. बाबूसिंग नावाच्या पुढाऱ्याचा आवाज मोठा दमदार. तो "खणा!" म्हणाला की त्याचा गडी लखमा "हो" म्हणायचा आणि निंबाखाली आडवा व्हायचा. मास्तरांच्या वहीत दोन रकाने होते, एक हुकूम दिल्याचा आणि एक पाळल्याचा. बाबूसिंगचा पहिला रकाना भरगच्च होता.

जमशेद पहिल्या दिवशी कुदळ घेऊन आला आणि म्हणाला, "काका, खड्डा कुटं खनू? पावसाचं पानी कोनीकडून येते ते तुमाले ठाव."

रामकिसननं जागा दाखवली. पोरगं खणू लागलं. त्या उन्हात ते खणतंय आणि आपण नुसते बसलोय, हे रामकिसनला तासभर सोसलं. मग त्यानं कुदळ हिसकावून घेतली. आठव्या दिवशी साऱ्या गावात एकच खड्डा पुरा झाला होता आणि वहीत त्याच्यापुढचे दोन्ही रकाने कोरे होते.

"पोरा, तू हुकूम काहून देत नाई?" रामकिसननं विचारलं.

"जमत नाई, काका. पन दाखला तं पायजे. अब्बा म्हनले, पंधरा दिवस कामाचं पोरगं नेऊन राह्यले, तं काय शिकला ते कागदावर आन. नाई आनला तं शाळा बंद. पिंजनावर बसजो."

रामकिसनला फार वाईट वाटलं. या पोराला शाळेतून काढणं म्हणजे पेरणीचं बियाणं दळून खाण्यासारखं होतं.

"मंग परीक्षेत एक दनदनीत हुकूम दे," तो म्हणाला. "जे सांगशीन ते करतो. रामकिसनचा शबुद हाय."

परीक्षेच्या दिवशी साहेब रामकिसनच्या दारापुढच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसले. प्रत्येकासाठी एक चिठ्ठी होती. बाबूसिंगला निघालं, अनुयायाला सावधान उभं करणं. लखमा उभा राहिला. बाबूसिंग पास झाला.

मग साहेबांनी जमशेदची चिठ्ठी वाचली. "समोरच्या विहिरीवरून अनुयायाकडून घागरभर पाणी आणवणे."

रंगूबाईनं दारातून डोकं बाहेर काढलं. गोविंदसिंग मास्तर घाईनं म्हणाले, "साहेब, ही चिठ्ठी बदलली तर?"

"का? विहीर तर ही इथं आहे."

शब्द देताना रामकिसनला ही विहीर आठवली नव्हती. पोरानं तोंड उघडलं की उठायचं, असं मनाशी घोकत तो जमिनीकडे बघत राहिला.

"साहेब, हा हुकूम मी देणार नाही," जमशेद शाळेतल्या भाषेत म्हणाला.

"तुझा माणूस ऐकणार नाही?"

"ऐकतील. म्हणूनच देणार नाही."

साहेबांनी लिहिलं, हुकूम दिला नाही, नापास. आणि पुढची चिठ्ठी उचलली.

रामकिसन उठला. घरात गेला, रंगूबाईची घागर घेतली आणि रस्ता ओलांडून विहिरीवर गेला. शालिग्राम तिथं बैल धूत होता.

"कोनं धाडलं?" त्यानं विचारलं.

"कोनंच नाई."

शालिग्रामनं बैल बाजूला लोटला. मग त्यानं दोराचं टोक पुढं केलं.

"दादा, दोर नवा हाय. हात सोलीन. थांब, म्या बी धरतो."

घागर साहेबांपुढं आली. साहेब पेलाभर पाणी प्यायले आणि पाणी गोड आहे म्हणाले.

"मंग आता पोराले पास करा," रामकिसन म्हणाला.

साहेबांनी वही उलटीपालटी करून पाहिली. हुकुमाशिवाय झालेलं काम कोणत्याच रकान्यात बसत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि आणखी एक पेला मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारंज्यात हबीबच्या दुकानापुढं एक बैलगाडी थांबली. आत जमशेद पिंजण घेऊन बसला होता आणि हबीब गादीत कापूस भरत होता. हबीबनं आधी बैल ओळखले, ते शालिग्रामचे होते. मग हाकणाऱ्याकडे पाहिलं, तो रामकिसन होता. मग त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि हातातला कापूस खाली ठेवला.

"हबीबभाई," रामकिसन म्हणाला, "पोरानं काय शिकलं ते तुले पाहाचं व्हतं ना? कागद काई भेटला नाई. म्हनून ह्याले आनलं."

शालिग्राम म्हणाला, "यंदा दोन्ही घरच्या गाद्या एकाच ओसरीवर पिंजजो."

हबीब उठला, जमशेदच्या हातातलं पिंजण काढून घेतलं आणि स्वतः त्याच्या जागेवर बसला.

"शाळा कवा उघडते?" त्यानं विचारलं.