मोबाईलमधल्या बैलाची झूल

मी एक झूल आहे. लाल मखमल, काठाला आरसे, मधोमध सोनेरी मोर. पण हात लावायला जाऊ नका, बोटाला काचच लागेल. मी मोबाईलवरच्या शेतीच्या गेममध्ये राहते.

गेमसोबत बैलजोडी आपोआप मिळते, मी मिळत नाही. मला वेगळं डाउनलोड करावं लागतं. माझ्यासारख्या जादा वस्तू पुष्कळ आहेत, कुणी नवं रान, कुणी ट्रॅक्टर. ते मला नाक मुरडतात. म्हणे, आमच्यामुळे खेळ वाढतो, हिच्यामुळे बैलाला काडीचं बळ येत नाही, नुसती शोभा! खरं सांगते, मला ते फार लागायचं.

केडगावच्या आरतीनं मला तिच्या आजोबांसाठी, सहादेव आबांसाठी घेतलं. आबा पाथर्डीकडची खरी जोडी विकून लेकाच्या फ्लॅटवर राहायला आलेले. बैलांवाचून हा पहिलाच पोळा. गेममधल्या जोडीवर मी चढले आणि आबा दहा वर्षांनी तरणे झाले. त्यांची बायको गोजरबाई मात्र म्हणायची, काचंतल्या बैलाचं कसलं कवतिक!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं, ही रीत. आबांनी ती मोडली नाही. थेट मोबाईललाच लोणी-हळद फासली! "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या," म्हणत अंगठा चांगला रगडला. काच पिसाळली. 'झूल काढून टाकायची का?' असं वर आलं आणि त्याच रगड्यात 'हो' दाबलं गेलं. झालं, मी बाहेर.

पुढची हकीकत मला मोबाईलनं सांगितली. आबा रात्री जेवलेच नाहीत. सकाळी पुरणपोळीचं ताट वाढलं तरी उठेनात. आरतीनं समजावलं, की काढलेली झूल आपल्या खात्यावर असतेच, पुन्हा फुकट घेता येते. पण नेट रांगतंय, तोवर बैलांना ओवाळून घ्या, झुलीवाचून त्यांचं काही अडत नाही.

गोजरबाईनं ताट खाली ठेवलं.

"अडत कसं न्हाई? पोळ्याला उघड्या पाठीचा बैल कुनी पुजलाय व्हय? येऊ दे झूल. मंग दावू निवद."

ऐकून मला भरून आलं. ट्रॅक्टरसाठी कुणी ताट अडवून ठेवलंय का कधी?

आत्ता मी निम्मी आत पोचलेय. पोळ्या निवतायत, आबा ताटाशी येऊन बसलेत आणि गोजरबाई पदरानं काचेवरची हळद पुसतेय. पुसा बाई, पण जरा बेतानं. तो 'हो' कुठं आहे, तेवढं बघून पुसा!