छावणीतला आडोसा

दुष्काळात सोसायटीनं पाटोद्याजवळच्या माळावर जनावरांची छावणी घातली, तेव्हा छबुबाई दोन बैल आणि एक गाय घेऊन तिथं राहायला आली. नवरा आश्रुबा अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी गावातच थांबला.

छबुबाईला बीपीची गोळी होती, आणि अंगावर सूज येते म्हणून लघवीची. ती दुसरी घेतली की सकाळभर सारखं उठावं लागे. गावाकडं तुरीचा आडोसा असायचा. इथं माळ बोडका, आणि जिकडं बघावं तिकडं गडीमाणसं. एकदा ती पार ओढ्यापर्यंत चालत गेली. परत येईस्तोवर चारावाटप उरकलं होतं. जनावरं उपाशी राहिली. त्यानंतर तिनं ती गोळी पिशवीतून काढलीच नाही.

पाय सुजत गेले, जोडवी रुतली. आडवं झालं की दम कोंडे. एके दुपारी उसाची मोळी उचलता उचलता ती खालीच बसली. शेजारच्या दावणीच्या साखराबाईनं तिला चाऱ्याच्या टेम्पोत घालून पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

छबुबाई खाली बघत राहिली. परक्या पुरुषाला काय सांगायचं?

"लघवीची सोडली तिनं," साखराबाई म्हणाली. "जाईल कुठं, सायेब? समदा माळ उघडा हाय."

डॉक्टरांनी तिच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "अंगातलं पाणी छातीपर्यंत चढलंय. गोळी मनानं सोडायची नाही, मावशी. जायची सोय मात्र करून घ्या."

इंजेक्शनं देऊन त्यांनी तिला ठेवून घेतलं. इकडं साखराबाई सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांच्यापुढं उभी राहिली.

"छावणी जनावरांची हाय, बाई," ते म्हणाले.

"मग शेण काढायला बाया कावून लागतात?"

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी बांबू आणि खताची रिकामी पोती पाठवली. आईला दिवसभर शेजारणीवर सोपवून आश्रुबा आला; त्यानं खड्डा खांदला, पोती शिवून कूड उभा केला. छबुबाई परतायच्या आधीच छावणीतल्या बाया तिथं जायला लागल्या होत्या.

सूज उतरली, थकवा तेवढा अंगातच राहिला.

"तू घरी जा. मी ऱ्हातो हितं," आश्रुबा म्हणाला.

"आन् आईला उचलून बसवायचं माझ्यानं व्हईल का आता?"

आश्रुबानं पिशवी उचलली आणि आईकडं गावाची वाट धरली. छबुबाईनं घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली आणि दावणीचं शेण भरायला वाकली.