पॅची

"पॅची म्हणजे नक्की काय गं?" पिलाजीरावांनी चौथ्यांदा विचारलं. डॉक्टरांनी त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल हा एवढाच इंग्रजी शब्द लिहिला होता, आणि सकाळपासून तो त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

"कुठे आहे, कुठे नाही, असं," त्यांची नात, पूर्वी, म्हणाली. "गच्चीवरचं नेटवर्क नाही का? नाहीतर आपल्या गल्लीतला रस्ता."

"म्हणजे मी खड्ड्यांचा रस्ता!"

त्यांच्या मुलाने, मयंकने, बजावून ठेवलं होतं की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबांच्या स्कूटरची किल्ली तो स्वतःकडे घेणार. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. तीस वर्षं विजेचे मीटर वाचत ज्याने अर्धं बडोदं पालथं घातलं, त्याने आता भाजी आणायलाही मुलाच्या तोंडाकडे बघायचं?

त्यांनी टोपी चढवली. "कौशल्या, कागद-पेन दे. लहरीपुऱ्यात जातो. कोणाचा मीटर कुठे, सगळं आठवून लिहून आणतो. मग बघू कोण किल्ली मागतं."

"हळू चालवा. आणि जेवायच्या आत या ने," बायको म्हणाली.

लहरीपुरा दरवाज्याजवळ, त्या जुन्या वेशीपाशी, स्कूटर लावून ते गल्ल्यांत शिरले. सुभानरावांचा मीटर जिन्याखाली. दत्तात्रेय शिंप्याचा माडीवर, वाकून वाचावा लागे. नयनाबेनकडे त्यांनी दारच वाजवलं. "सासूबाईंच्या फोटोमागे, बरोबर ने?"

"साचुं, काका! हजी याद छे तमने?"

अजून आठवतं म्हणजे काय! घरामागून घर, गल्लीमागून गल्ली, पाय थांबेचनात. लिहीत लिहीत ते थेट रावपुऱ्यात, आपल्याच दारात पोचले. शर्ट घामाने चिकटला होता, पण चेहरा खुलला होता.

"मोज, पूर्वी. एकवीस घरं. दाखव कुठे आहे खड्डा!"

पूर्वीने यादी वाचली, हसली, आणि मग तिची नजर दाराबाहेर गेली. स्कूटरची जागा रिकामी होती.

पिलाजीरावांनी घाम पुसायला रुमाल ओढला, तशी खिशातली किल्ली फरशीवर पडली. ते तिच्याकडे बघतच राहिले. एवढी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. कौशल्याबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांना दिसलाही नाही.

त्यांनी स्वतःच वाकून किल्ली उचलली आणि पूर्वीच्या हातात दिली.

"मयंकला म्हणावं, घरी आल्यावर ही घे आणि स्कूटर घेऊन ये. लहरीपुरा दरवाज्याजवळ आहे, आतल्या बाजूला."

ती फोन लावू लागली. त्यांनी तिचा हात धरला.

"की बाहेरच्या?"