न बोलणारीची साक्ष

मी चित्रांची वही बोलतेय. आजवर मी दुसऱ्यांसाठी बोलले. आज स्वतःसाठी बोलते, आणि मनात राग ठेवूनच बोलते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका शाळेत झाला. ज्या स्वमग्न मुलांना तोंडानं बोलता येत नाही, त्यांच्यासाठी मी. माझ्या पानांवरची चित्रं ओढली की निघतात. तहान लागली की पाण्याचं चित्र समोरच्याच्या हातात द्यायचं. हॅरी नावाच्या मुलानं मला चार वर्षं वापरलं. तिथं सगळंच गोड नव्हतं. त्याच्या आईला नुसत्या तपासणीसाठी दोन वर्षं थांबावं लागलं होतं. पण काही दुकानांत ठरल्या वेळी गाणी बंद आणि दिवे मंद व्हायचे. हॅरी ब्रेडचं चित्र द्यायचा, दुकानदार ब्रेड द्यायचा. कुणी टक लावून बघायचं नाही.

त्या शाळेत इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावची वृषाली मदतनीस होती. आधी ती स्वीडनमध्ये काम करायची. तिथं अशा माणसाला बाहेर पडताना सोबत मिळणं हा कायद्यानं हक्क आहे, असं ती सांगे. हॅरी टॅबलेटवरची चित्रं दाबून बोलू लागला, तेव्हा तिनं मला मागून घेतलं आणि भावाच्या लेकीला, सात वर्षांच्या स्वरालीला, आणून दिलं.

स्वरालीची आई म्हाळसा. तिनं ब्रेडचं चित्र काढून भाकरीचं लावलं, शेळीचं लावलं, शाळेचं, बंद दाराचं, रात्रीच्या काळोखाचंही लावलं. महिन्याभरानं स्वरालीनं तिच्या हातात पहिलं चित्र ठेवलं, शेळीचं. म्हाळसा लेकीला कडेवर घेऊन तशीच गोठ्याकडं पळाली.

मग शाळा आली. अशा मुलांना शाळेनं घ्यायलाच हवं, हा कायदा आपल्याकडंही आहे. मुख्याध्यापक विजयसिंह सरांनी स्वरालीला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी मला काढून घेतलं. वही असली की पोरगी बोलायला शिकायची नाही, म्हणाले. मला कपाटात कोंबून कुलूप लावलं.

कपाटामागच्या भिंतीपलीकडं खेळाच्या सामानाची खोली होती. घंटा वाजली की स्वराली कान दाबून किंचाळायची. मग सर सांगायचे आणि शिपाईण दगडाबाई तिला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. चार महिने मी पोरीचं दार बडवणं ऐकलं. तिचे शब्द माझ्या पोटात होते आणि मी कुलपात. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

म्हाळसानं वही मागितली, तर ती हरवली असं सरांनी सांगितलं. शेवटी दगडाबाईलाच राहवलं नाही. खडू काढायला कपाट उघडल्यावर तिनं मला पदराखाली घातलं आणि थेट म्हाळसाचं घर गाठलं.

"कडी मीच लावत हुते," ती म्हणाली. "सांगितलं म्हणून. पर हात माझाच हुता."

म्हाळसानं तिला आत घेतलं. मला स्वरालीपुढं ठेवलं. पोरीनं तीन चित्रं ओढून काढली: शाळा, बंद दार, काळोख. मग उठून भिंतीवरच्या शाळेच्या कॅलेंडरवर, सरांच्या फोटोवर बोट ठेवलं.

म्हाळसानं इंदापूरला शिक्षण खात्याकडं तक्रार दिली. चौकशीत सर हसून म्हणाले, जिला बोलता येत नाही तिची साक्ष कसली. चौकशीला आलेल्या खात्याच्या बाईंनी मला उघडलं. स्वरालीनं तीच तीन चित्रं त्याच क्रमानं त्यांच्या हातात दिली आणि सरांकडं बोट केलं. मागून दगडाबाई उभी राहिली. सरांचं हसू मावळलेलं मी जवळून पाहिलं. इतका आनंद मला इंग्लंडात कधी झाला नव्हता.

मुख्याध्यापकपद गेल्यावर सर पेढे घेऊन आमच्या दारात आले. झालं गेलं विसरा, तक्रार मागं घ्या, म्हणू लागले.

"मला न्हाय, तिला इचारा," म्हाळसा म्हणाली.

स्वरालीनं मला उघडलं, 'नको'चं चित्र काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते चित्र हातात धरूनच ते पायऱ्या उतरले. आम्ही नवीन छापून घेतलं.

आता माझे कोपरे झिजलेत. म्हाळसा माझं बघून आसपासच्या चार मुलांसाठी वह्या बनवतेय. तुमच्या गावात असं लेकरू असेल तर त्याचं बोलणं हिसकावू नका. हिसकावलंत, तरी त्याची वही कधीतरी उघडेलच. तिच्यात तुमचं चित्र काय म्हणून लागेल, ते आजच ठरवा.